चार वाजता हलणारा भाव

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. गोष्ट माझ्याच फजितीची आहे आणि मधे कुणी हसलं की माझा धागा तुटतो. पन्नाशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, ट्रकचं चाक एकट्यानं उतरवणारा माणूस भर दुपारी कॉम्प्युटरला भिऊन स्वतःच्याच दुकानाबाहेर उभा आहे. हे चित्र डोळ्यासमोर आणा. तो मी.

वारंगा फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे. शेअर बाजाराशी माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध जोडला तो सरांनी. सर म्हणजे वसंतराव, आमच्या भागातल्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. मग त्यांनी हिंगोलीत घर बांधलं, तरी आठवड्यातून दोनदा एसटीनं येऊन माझ्या दुकानात बसायचे. त्यांच्या नादानं मी पाच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले. त्यांच्याकडेही पाचच होत्या. दहाही कंपन्यांची एक यादी त्यांनी इंटरनेटवरच्या एका फुकटच्या साइटवर, स्वतःच्या खात्यात करून दिली. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती उघडून ठेवली आणि म्हणाले, वरच्या पाच माझ्या, खालच्या पाच तुझ्या. रोज चार वाजता बघत जा, बाजार साडेतीनला बंद होतो.

मी रोज बघायचो. एकेका कंपनीपुढं तिचा भाव, नफा हिरवा, तोटा लाल, आणि कडेला टिपण लिहायला एक बारकी चौकट. गिऱ्हाईक तंबाखू मळता मळता विचारायचं, हे काय हाये? मी छाती फुगवून सांगायचो.

मग एका गुरुवारी सर गेले. झोपेतच. माती दिली त्या दिवशी मी हिंगोलीला गेलो, पण त्यांच्या बायकोसमोर, सुलोचना वैनीसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. कारण असं, की आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला होता आणि मी तो उचलला नव्हता. हात ग्रीसनं भरले होते. नंतर करू म्हटलं आणि विसरलो. हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्यानंतर वैनीकडे गेलोच नाही.

पंधरा दिवसांनी कॉम्प्युटर उघडला तर यादीतले दहाही भाव थांबलेले. तारीख बघितली. सर गेले त्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची.

आता साइट बंद पडते, यात नवल नाही. मी साइटवाल्यांना तक्रार लिहिली. 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' असं छापील उत्तर आलं. आठवडाभरानं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मग माझी भाषा घसरत गेली. तक्रारींचं एक पानच होतं तिथं. देशभरातली माणसं येऊन लिहून गेलेली. बोनस शेअर दिसत नाहीत, बेरीज चुकते, भाव जुने आहेत. खाली खाली तर लोक नुसतंच विचारत होते, इथं कुणी आहे का? एकालाही उत्तर नाही. ओसाड गावात उभं राहून हाका मारल्यासारखं ते वाचायला वाटायचं. मीही त्यात माझी हाक मिळवली आणि महिनोन्महिने मिळवत राहिलो.

आणि एका मंगळवारी चार वाजता, माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्या ओळीतला भाव हलला.

एकच. सरांच्या लाडक्या पाइपवाल्या कंपनीचा. बाकीच्या नऊ ओळी होत्या तशाच. मी मोबाइलवर ताडून पाहिलं, भाव बराबर होता. दुसऱ्या दिवशी मी पावणेचारपासून बसलो. चार वाजता पहिली ओळ हलली, मिनिटभरानं दुसरी. अशा वरच्या पाचही हलल्या, एकामागून एक, सावकाश, कुणीतरी चष्मा पुसून आकडे टाकतंय अशा. तिसऱ्या दिवशी माझ्या पाचही हलल्या. बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार उतरत होती ती मात्र गार.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, सरांच्या घरून कुणी करत असेल. मुलगा पुण्याला, त्याला यातलं काही घेणं नाही. राहिल्या वैनी. वैनींना टीव्हीचा रिमोटही चालवता येत नाही, असं सरच सांगायचे. म्हणून त्यांचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. माझं डोकं कसं चालतं बघा. बाईमाणूस कॉम्प्युटर चालवेल यापेक्षा मेलेला माणूस चालवेल, हे मला जास्त पटलं.

चौथ्या दिवशी मी टिपणाच्या चौकटीत लिहिलं, कोण आहे?

दहा मिनिटं काही नाही. मग खालच्या ओळीच्या चौकटीत अक्षरं उमटली. 'मी आहे. घाबरू न'

एवढंच. वाक्य अर्धवट. मेलेल्या माणसाला दम लागत असेल, असं मला वाटलं. मी खुर्ची सरकवली आणि सरळ बाहेर जाऊन उभा राहिलो. तेच ते सुरुवातीचं चित्र. एक ड्रायव्हर हवा भरायला आला होता, त्याला मी आज दुकान बंद म्हणून सांगितलं. त्यानं उघड्या शटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

दोन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पण मनात ते फोनचं होतं ना. तिसऱ्या दिवशी अगरबत्ती लावली, दाराशी पाणी शिंपडलं आणि लिहिलं, फोनचा राग आला?

उत्तर आलं. 'राग नव्हता. काम वि'

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी टेबलावर डोकं टेकवून रडलो. भीती होतीच, पण रडू त्याहून मोठं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोटभर जेवलो.

इथंच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी लाडात येऊन लिहिलं, लई आठवण येते. त्यावर आलेलं उत्तर मी अजून विसरलो नाही.

'घरी या. किती दि'

मेलेला माणूस घरी बोलवून राहिला, आणि वर किती दि? किती दिवस राहिले, हेच ना? दुसरा काय अर्थ लावणार? मी शटर ओढलं, घरी गेलो आणि बायकोला समोर बसवलं. मालन तिचं नाव. पाण्याच्या मोटारीचे कागद कुठं आहेत, कपाटाची दुसरी किल्ली कुठं, थोरल्याला पुढं काय शिकवायचं, सगळं सांगून टाकलं. ती भेंडी चिरत होती. चिरायची थांबली.

"काहून असं बोलून राहिलात? कुठं चाललात?"

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, न उचललेल्या फोनसकट. तिनं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता ही रडणार.

"घरी या म्हणून राहिले ना सर?" ती म्हणाली. "मंग जा की. त्यांचं घर हिंगोलीत हाये."

भेंडी पुन्हा चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिंगोलीची गाडी पकडली. वैनींना कसं सांगायचं, याची वाटभर उजळणी केली. धक्का बसेल, आधी बसवून घ्यायचं, मग हळूच विषय काढायचा. दार उघडंच होतं. भिंतीवर सरांचा फोटो, त्याला ताजा हार. मी गेलो तेव्हा नुकतेच चार वाजले होते आणि फोटोकडे बघवत नव्हतं.

"वैनी, बसून घ्या," मी म्हणालो. "घाबरू नका. सर बोलून राहिले माझ्याशी."

वैनी बसल्याच होत्या. टेबलाशी. डोळ्यांवर चष्मा, पुढ्यात सरांचा लॅपटॉप आणि लॅपटॉपवर आमची दहा ओळींची यादी. शेजारी मोबाइल. मोबाइलमध्ये बघून त्या पहिल्या ओळीत आकडा टाकत होत्या.

मी दाराच्या चौकटीला धरलं.

पुढची दहा मिनिटं मी काय काय बोललो ते सांगत नाही. त्यांना आधी काही उमजेना, मग उमजलं आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. त्यांचं म्हणणं असं, की त्या रीतसर उत्तरं देत होत्या. 'मी आहे. घाबरू नका. सुलोचना वैनी' असं पूर्ण लिहिलं होतं. पण ती साइटच अशी, की टिपणाच्या चौकटीत जास्त मावत नाही, पुढचं कापून टाकते. फोनचं काम विशेष नव्हतं, असं लिहिलं होतं. सरांनी तो फोन त्यांच्यासमोरच लावला होता. मी उचलला नाही तेव्हा म्हणाले होते, गडी ट्रकखाली असेल, उद्या बोलू. आणि किती दिवस झाले, तोंड दाखवलं नाही, असं ते शेवटचं वाक्य होतं.

"पण भाव? ते तर आपोआप यायचे ना?" मी विचारलं.

वैनींनी आधी हातातली ओळ पुरी केली. मग त्यांनी सांगितलं. साइटवर भाव येणं कधीच बंद पडलं होतं, सर जायच्या दीड वर्ष आधीपासून. सर रोज चारच्या आत बसून दहाही भाव हातानं भरायचे. स्वतःचे आणि माझेही. मला कळू दिलं नाही, कारण मी गिऱ्हाइकांना मोठ्या हौसेनं ती यादी दाखवायचो. त्यांना भरताना बघून बघून वैनी शिकल्या होत्या. रिमोटचं सर थट्टेनं सांगायचे.

"मग तुमी इतक्या दिवसांनी का सुरू केलं?"

"साइटचं खातं ह्यांच्या मेलवर हाये," वैनी म्हणाल्या. "तुमच्या तक्रारीची नक्कल इथं येते. सगळ्या वाचल्या मी. शेवटच्यात तुमी लिहिलं होतं, झोपलात का मेलात? तुमच्यानं होत न्हाई तर दुसरं माणूस बसवा." त्यांनी चष्मा नीट केला. "म्हणून मी बसले."

धरणीनं दुभंगून पोटात घेतलं असतं, तर त्या दिवशी मी तिला भाडंही दिलं असतं. वैनी मात्र उठल्या आणि मला जेवायला वाढलं. दुपारी साडेचार वाजता.

तेव्हापासून आमची वाटणी झाली आहे. वरच्या पाच वैनींच्या, खालच्या पाच माझ्या. पहिल्याच दिवशी मी गडबडीत तीन भाव एका ओळीनं खाली टाकले आणि चौथ्यात दशांशाचं टिंब द्यायला विसरलो. बेरीज बघितली तर मी हिंगोली जिल्ह्यातला सगळ्यात श्रीमंत टायरवाला. मालनला फोन करून तसं सांगितलंसुद्धा.

इतक्यात कडेच्या चौकटीत टिपण उमटलं.

'तुमच्यापेक्षा मेलेली सा'

पुढचं साइटनं कापलं होतं. या वेळी मला ते पूर्ण कळलं.