समईवरची जाळी

दुसऱ्या लाटेनंतर नवी मुंबईतला एक मॉल पुन्हा उघडला, त्या सकाळी मधल्या चौकात बाहेरची हवा आणणाऱ्या छताजवळच्या जाळ्या बंद होत्या. त्यांवर पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावलेली होती. हे लक्षात आलं तेव्हा खाली सत्यनारायणाची पूजा चालू होती.

त्या जाळ्या माझ्या थोरल्या बहिणीने बसवून घेतल्या होत्या. मॉलमधली हवा खेळती कशी ठेवायची, हे ठरवण्याचं काम तिच्याकडे होतं. पूर्वी एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवायचा. आता जाळ्या होत्या, आणि खांबांवर दिवे. हवा ताजी असली की हिरवा, कोंदू लागली की पिवळा, कोंदली की लाल.

मी पत्रकार, पण त्या दिवशी बातमीसाठी गेलो नव्हतो. वडिलांना घेऊन गेलो होतो. कोविडनंतर त्यांची फुप्फुसं पूर्ण सुधारली नव्हती. सानपाड्याच्या फ्लॅटमधून ते दवाखान्याखेरीज कुठे बाहेर पडले नव्हते. मी नको म्हटलं होतं.

"पोरीने बांधलेली हवा घ्यायला चाललोय," ते म्हणाले होते. "तू नुसती रिक्षा बघ."

दिवा पिवळा झाला तेव्हा कथा संपत आली होती. लाल झाला तेव्हा दुकानदार आणि पाहुणे आरतीसाठी दाटीने उभे राहिले होते. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर होते. धुपाचा धूर डोक्यांवरच थांबला होता. बहिणीने वर पाहिलं.

"जाळ्यांना काय लावलंय?"

"पुठ्ठा, ताई," देखभालीचा सुपरवायझर म्हणाला. तो जवळच्याच गावचा. "वारा सरल समईवर येत व्हता. दोनदा इझली. पयल्याच दिशी समई इझली तर दुकानवाले गाले उघडतील का?"

"आत्ता काढा."

"आरती होऊ द्या ना, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "टेन्शन कशाला घेता?"

"आरत्या किती आहेत?"

आरती सुरू झाली, तसा तो टाळ्या वाजवू लागला.

वडिलांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा सकाळपेक्षा बराच खाली होता.

"बाबा, बाहेर चला."

"तिचं काम आहे. मीच उठलो तर... लोक काय म्हणतील?" एवढं बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागलं.

बहिणीने ते पाहिलं. सजावटवाल्यांची शिडी ओढून तिने पहिल्या जाळीखाली लावली. मॅनेजर "मॅडम, मॅडम" करत मागे गेला. शिडी सुपरवायझरने धरली. मी वडिलांना उठवलं. टाळ्या चालू होत्या. वाट कुणी दिली नाही, काढावी लागली. मागे पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला.

बाहेर ते पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. आकडा आधी हललाच नाही. मग हळूहळू सकाळच्या आकड्यावर आला. त्यांनी माझा फोन मागून घेतला, मुलीला लावला.

"दिवा?"

"हिरवा."

समई विझल्याचं सुपरवायझरने बाहेर येऊन सांगितलं. गाळे ठरल्या वेळी उघडले.