लिफ्टवाले काका बंद पडतात

लिफ्टमध्ये शिरलं की बाकीचे लोक आरशात बघतात, लिफ्टवाले काका कान टवकारतात. कुठे किंचित घरघर ऐकू आली, दार जरासं अडखळलं, की काका वीज तोडणार, खाली 'बंद आहे'ची पाटी लावणार आणि दुसरा मेकॅनिक येऊन तपासून जाईपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. आयुष्यभर हाच खाक्या. जिने चढून दमलेली माणसं त्यांना मनसोक्त शिव्या घालायची. पण काकांच्या हाताखालची एकही लिफ्ट कुणाला घेऊन अडकली नव्हती आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

अशा माणसाच्या हातात कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट पडला आणि त्यात तीन आकडे ठळक छापलेले निघाले. कोलेस्टेरॉल मर्यादेच्या जरासं वर, युरिक अ‍ॅसिडही तसंच आणि ड जीवनसत्त्व थोडं खाली. काकांचे धाबे दणाणले. मर्यादा ओलांडली म्हणजे ओलांडली, किती ओलांडली असं त्यांच्या धंद्यात कुणी विचारत नाही. त्यांनी तिथल्या तिथे रजा टाकली, घरी येऊन सोफ्यावर आडवे झाले आणि स्वतःला बंद करून टाकलं.

बंद म्हणजे अगदी बंद. जिना उतरायचा नाही, वाकायचं नाही, जोरात हसायचंसुद्धा नाही. पाण्याचा पेला हातात आणून द्यायचा. बोलता बोलता मध्येच मनगटावर बोटं ठेवायची आणि समोरच्याला डोळ्यांनीच 'थांब' म्हणायचं.

"अहो, ताप नाही, काही दुखत नाही, मग झोपून काय राहिलात?" काकूंनी विचारलं.

"दुखत नाही हेच तर वाईट," काका क्षीण आवाजात म्हणाले. "दोर तुटायच्या आधी आवाज करतोच असं नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. एरवी त्यांनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. दुसऱ्या गावी एकट्या राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन याच आठवड्यात होतं. मी येते, काळजी करू नकोस, असा शब्द काकू देऊन बसल्या होत्या आणि बॅगही भरून झाली होती. काकांनी एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. ते फक्त बॅगेकडे बघायचे आणि उसासा सोडायचे. असे उसासे ऐकत कुठली बायको घराबाहेर पडेल?

काकांचा जोडीदार मेकॅनिक भेटायला आला. त्याला सगळे गोट्या म्हणतात, वय झालं तरी. "तीनच?" तो म्हणाला. "माझे पाच आहेत ठळक." आणि समोरची बिस्किटं त्याने एकट्याने संपवली. काकांना दिलासा मिळायचा सोडून त्याचीच काळजी लागली. "तूही घरी बस," त्यांनी त्याला बजावलं. गोट्या चहा पिऊन कामावर गेला.

शेवटी काकूंनी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी रिपोर्ट एका नजरेत संपवला, याचं काकांना वाईट वाटलं.

"उन्हात जाता का कधी?"

"लिफ्टच्या विहिरीत काम करतो मी."

"मग ऊन कुठून मिळणार? रोज सकाळी फिरायला जा. तळलेलं कमी करा. एक गोळी लिहून देते. तीन महिन्यांनी परत बघू."

"म्हणजे तोपर्यंत चालू ठेवायचं?"

"काय?"

"मला."

बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "चालूच ठेवा," त्या म्हणाल्या.

एवढं होऊनही काका घरी आले ते थेट सोफ्यावर. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? मधल्या तीन महिन्यांत काही झालं तर? आणि नेमकी ही घरात नसताना झालं तर? हा शेवटचा प्रश्न त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. खरी भीती तीच होती. आकड्यांचं निमित्त होतं.

संध्याकाळी फोन वाजला. काकूंचे हात पिठात होते, म्हणून काकांनी पडल्या पडल्या उचलला. मेहुणी होती.

"भावजी, कळलं मला रिपोर्टचं. ताईला पाठवू नका हं. शेजारीण आहे माझ्याकडे बघायला."

"अगं, पण ऑपरेशन तुझं आहे."

"गुडघा तर आहे, होईल. फक्त भूल देतात ना, तेवढ्यासाठी वाटत होतं. डोळे उघडले की समोर आपलं कुणीतरी असावं. जाऊ दे. लहान मुलासारखं बोलतेय मी."

काका उठून बसले. हे तर त्यांच्याच मनातलं होतं. फरक एवढाच, की तिला खरोखर टेबलावर झोपायचं होतं आणि ते उगाच सोफ्यावर झोपले होते. लाजेने त्यांचे कान तापले.

"ताई येतेय," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीने." आणि तिने काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "एकटे राहाल?"

मनगटाकडे निघालेला हात काकांनी वाटेतच थांबवला. "भीती वाटेल मला," ते म्हणाले. "खूप वाटेल. पण तिला जास्त वाटतेय. तू जा."

काकू आठवडाभर साठलेलं सगळं एकदाचं सुनवायचं ठरवून आल्या होत्या. ते काही जमलं नाही. पिठाचे हात तसेच घेऊन त्या त्यांच्या शेजारी बसल्या. "रोज सकाळी फोन करीन," त्या म्हणाल्या.

"मी उचलला नाही तर घाबरू नकोस," काका म्हणाले. "उन्हात गेलेलो असेन."