कडेची रांगोळी

जगात सरळ अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपण मारलेली रेघ, असं माझ्या आतोबांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या सहवासात अर्धा दिवस काढला की तुम्हालाही बाकीचं सगळं जग वाकडं दिसू लागे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभा जन्म मोजणी खात्यात साखळी ओढण्यात गेलेला. पेन्शन घेऊन रत्नागिरीला आले तरी कोटाच्या खिशातला सुतळीचा गुंडा काही सुटला नाही. पंगतीत पाट मांडले की हे सुतळी ताणून बघत. राजापूरला एका लग्नात वरणभात कालवून बसलेल्या व्याह्यांना त्यांनी पाटासकट चार बोटं मागे सरकवलं. व्याही रुसले, पण पंगत अशी देखणी दिसली की फोटोवाल्याने आपणहून फोटो काढला. आत्या म्हणे, "आमच्या लग्नात अंतरपाटसुद्धा यांनी आधी सरळ करून घेतलानी, मग मंगलाष्टकं!"

तीस सालानंतरची गोष्ट. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, टपालाचं विमान उतरायचं ठरलं. मुंबईच्या माणसांनी कातळ साफ केला आणि मधोमध चुन्याची एक फिकट रेघ मारली. आतोबांनी ती पाहिली आणि त्यांना जेवण जाईना. "मेल्यांनी रेघ मारलीनी की गांडूळ सोडलंनी?" दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा नाही, हा खात्याचा शिरस्ता. मग त्यांनी काय करावं? पाहुणा येणार म्हणून डावीकडच्या कडेने, सुतळी धरून, पांढरीशुभ्र रांगोळी घातली. सुतळीचं दुसरं टोक मी धरलं होतं. मी हायस्कुलात मास्तर, वय वर्षं तीस, पण आतोबांपुढे ओणवा.

विमान आलं, उतरलं, आणि सगळं गाव त्याला बघायला मधोमध धावलं. नारळ फुटले, ओवाळणी झाली, आणि त्या गर्दीत मधली रेघ पार पुसली गेली. रांगोळीवर मात्र एक पाऊल पडलं नाही, कारण तिथे आतोबा छत्री घेऊन उभे होते.

परतीची वेळ झाली. त्या विमानाचं शेपूट जमिनीला आणि नाक आभाळाला, त्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नसे. बाजूने वाकून तो जमिनीवरची रेघ धरी. रेघ आता एकच उरली होती. आमच्याकडे रांगोळी जेवणाच्या पानाच्या कडेने घालतात, पलीकडे जाऊ नये म्हणून. मुंबईच्या त्या पोरसवदा पारशाला हे कोण सांगणार? त्याने विमान बरोबर रांगोळीवर आणून उभं केलं. पुढे त्याच कडेला चिऱ्यांची रास रचलेली. डावा पंख तिच्यावर आदळला असता, आणि पोरगा जिवानिशी गेला असता.

विमान घरघरू लागलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. आतोबा एकटेच धावले. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात उघडी छत्री, आणि जाऊन उभे राहिले ते थेट रांगोळीवर! छत्री दिसताच वैमानिकाने इंजिन बंद केलं आणि लालबुंद होऊन खाली उतरला. मी दुभाषा.

"मी रेघेवरच आहे," तो ओरडला.

"रेघ माझी आहे," आतोबा धापा टाकत म्हणाले. "सरळ आहे रे बाबा, पण कडेची आहे!"

तो चार पावलं पुढे गेला, चिरे पाहिले, आणि पांढराफटक पडून परत आला. मग आतोबांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःची रेघ स्वतःच्या पायांनी पुसली. कोणाला हात लावू दिला नाही. उरलेली रांगोळी मागवली, माझ्या हाती सुतळीचं टोक दिलं, आणि गावाला दोन्ही बाजूंना हाकलून मधोमध नवी रेघ घातली. विमान तिच्यावरून असं सुटलं की डोक्यावरच्या टोप्या उडाल्या. पोरांनी आतोबांना खांद्यावर घेतलं, तर वरून ओरडा, "खांदे एका उंचीचे नाहीत मेल्यांचे, उतरवा मला!" मला इतका अभिमान वाटला की मी भर सड्यावर रडलो.

पुढे विमान यायचं बंद झालं. तरी दर दिवाळीत, पावसाने धुतलेल्या त्या सड्यावर आतोबा मला घेऊन जात आणि मधोमध रेघ घालत. "चुकून आलं तर?" म्हणत.

आतोबा गेले त्या दिवाळीत मी एकटाच गेलो. सुतळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते दगडाखाली दाबलं. रेघ वाकडी आली. पण मधोमध आली.