पंपाच्या जागेतली विहीर

झरीजवळची आमची जागा वडिलांनी पेट्रोल पंपासाठी भाड्याने दिली तेव्हा तिथे चिकूची झाडं होती. ती तोडली. मी शाळकरी होतो, मला त्याचं काहीच वाटलं नाही. पंप आमच्या जागेत आहे हे मी डहाणूच्या शाळेत मिरवत असे. पुढे गुजरातमधलं डिझेल स्वस्त पडू लागलं आणि हद्द तर हाकेच्या अंतरावर. ट्रकवाले आमच्याकडे थांबायचे ते फक्त टायरमध्ये हवा भरायला आणि तोंड धुवायला. शेवटी पंपवाल्याने गाशा गुंडाळला, मशिनं उचलून नेली आणि जागा परत दिली.

वडील खूश. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांना तिथे पुन्हा चिकूच लावायचा होता. घोलवडच्या नर्सरीत कलमं सांगून ठेवली आणि नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात विहीर खणायला घेतली. पाणी बघणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ नेमका पंपाच्या जमिनीतच राहिलेल्या जुन्या टाक्यांशेजारी उभा राहिला. मी म्हटलं, जरा लांब बघू या. पण नारळापुढे माझं कोण ऐकतं? नारळाला पाणी कळतं, डिझेल कळत नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाणी लागलं. आमच्याकडे नव्या विहिरीचं पहिलं पाणी देवाला दाखवून घरातल्या थोरल्या बाईने प्यायचं असतं. आईने तांब्या तोंडाला लावला आणि लगेच थुंकली. पदराने जीभ पुसू लागली. वडिलांनी ओंजळ नाकाशी नेली. पाण्यावर रंगीत तवंग होता, आणि वास असा की शेजारी विडी पेटवायची भीती वाटावी. आमच्या जमिनीच्या पोटात हे इतकी वर्षं मुरत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

खालच्या पाड्यावरच्या एक मावशी प्रसादाला आल्या होत्या. त्यांनीही तांब्या हुंगला. त्या मात्र दचकल्या नाहीत.

"आमचे बोरिंगला कधीपासून येतो हा वास," त्या म्हणाल्या. "आमाला वाटला, पंपाजवळचा पाणी असाच असंल."

मग ते पाणी वापरता कशाला, असं वडिलांनी विचारलं.

"प्यायला. दुसरा कुठं आहे?"

आईच्या एका घोटाने आम्ही सगळे हवालदिल झालो होतो, आणि त्या पाड्यावरची पोरं त्याच पाण्यावर वाढली होती.