पुडीताई

प्रयोगशाळेत प्रयोग ऐन रंगात असताना दोन्ही हात पाठीमागे बांधून गप्प उभी राहणारी बाई तुम्ही पाहिली आहे? आमची पुडीताई अशीच उभी राहायची. नळीत थेंब सोडले की एक पाऊल मागे. आम्हा विद्यार्थ्यांतला कुणी नळी हलवायला गेला की डाफरायची, "हात मागं घे! रेणू त्यांचं ते जमवून घेऊन राहिले, तुले काहून घाई?"

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. लहानपणी पुड्या बांधण्यात तिचा हात बसलेला. पुढे शिकून प्राध्यापक झाली आणि तिथंही पुड्याच बांधू लागली. बिघडलेल्या पेशीत चांगला जनुक पाठवायचा, पण तो उघडा पाठवला तर वाटेतच त्याचा फडशा पडतो. म्हणून पुष्कळ जण त्याला विषाणूच्या पाठीवर बसवतात. ताईला ते पटायचं नाही. "विषाणू म्हणजे भाडेकरू. आत आला का घरमालकालेच बाहेर काढते," म्हणायची. तिचा जीव होता स्निग्ध, म्हणजे चरबीच्या, रेणूंवर. जनुक दिसला की ते आपणहून त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याला गुंडाळून घेतात. "कागदच पुडी बांधते, दुकानदारानं नुसतं पाहायचं." पोट्ट्यांनी तिचं नाव पुडीताई ठेवलं. तिला कळलं तेव्हा रागावायचं सोडून सगळ्यांना समोसे खिलवले.

राज्य नवं, राजधानी नवी, आणि कॉलेजच्या मागच्या खोलीतली आमची प्रयोगशाळाही नवीच. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ खिडकीत बसायची. ताई ओलं फडकं फिरवायची आणि कारखान्यांना नावं ठेवायची. पहिल्या उन्हाळ्यात मात्र तिची चांगलीच फजिती झाली. कुठल्याशा थंड देशातल्या कृतीत लिहिलं होतं, मिश्रण खोलीच्या तापमानाला ठेवा. बाईनं इमानानं खोलीत ठेवलं. मे महिना, रायपूरची खोली! सगळं नासल्या दुधासारखं फुटलं. ताई कपाळावर हात मारून हसत सुटली, "अवो माय, त्यांची खोली अन् आपली खोली!" मग तिनं माठाखालची ओली वाळू परातीत घेतली, नळ्या त्यात खोचल्या, आणि पुड्या जमल्या.

मी तिच्याकडे गेले ती नुसती प्रकल्पासाठी नाही. मला सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं अशी ठणकतात की वैऱ्यालाही नको. माझ्या आयुष्याची फार आशा धरू नका, असं डॉक्टर आईला सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं होतं. ताईच्या पुडीतून एक दिवस माझा जनुक येईल, एवढ्या एका आशेवर मी तिथं नळ्या धूत होते.

आणि एका दुपारी पुडी पोचली! काचेच्या ताटलीतल्या पेशींत आम्ही चमकणारा जनुक पाठवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्यागार उजळल्या. सगळी पोरं नाचली. मी ताईचा पदर धरला आणि विचारलं, "मग माझ्यात कधी?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, होईल गं. ताई खुर्चीत बसली, मला जवळ ओढलं. "ताटलीतून माणसात जायाले लय वर्षं लागतात, बाई. माझ्या हातून तुझ्यासाठी नाही होणार. खोटं कशी बोलू तुझ्याशी?" असा राग आला मला! दोन दिवस कॉलेजला गेले नाही. तिसऱ्या दिवशी ताईच घरी आली, गोळ्यांची पाकिटं घेऊन. "पुडी पोचेस्तोवर तुले टिकवाचं आहे मले."

मग माझ्या मागे हात धुवून लागली. पाणी प्यालीस का, गोळी घेतली का, थंडीत पाय उघडे काहून? दुखणं उठलं की इस्पितळात उशाशी बसून पाय शेकायची. लग्नाची बोलणी निघाली तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर बोलली, "पत्रिका ठेवा बाजूले, आधी पोराचं रक्त तपासा. त्याच्यातही हा दोष असला तर लेकरं भोगतील." पाहुणे चाट पडले, आई शरमेनं लाल. पण पोरानं रक्त तपासून आणलं, ते निर्दोष निघालं. आज तोच माझा नवरा आहे, आणि आमच्या लेकीला हा आजार नाही.

माझी काळजी करता करता ताईनं स्वतःच्या पोटातलं दुखणं अंगावर काढलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या भेटीत ती खाटेवर एवढीशी दिसत होती. मी रडले तर माझा हात धरून हसली. "रडू नको वो. तू माझ्या आधी जाशील म्हणून इतकी वर्षं मी भिऊन होती. आता नाही भीत. बरं झालं."

तिचं बरं झालं असेल. माझं नाही झालं, ताई.