वरच्या काकांचं मुरलेलं पाणी

टाकाऊ असं जगात काही नसतंच, फक्त ते माशांच्या कामाला कसं आणावं हे लोकांना सुचत नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे कोपरखैरण्यात आमच्या बरोबर वरच्या खोलीत राहणारे काका. तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. काकू आणि मुलं साताऱ्याकडे गावी, आणि इथे काका आणि पाच फुटी काचेची टाकी. ती एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेली. चौघांनी ती जिन्यातून वर चढवली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "अहो, स्लॅब खाली येईल!" काका शांतपणे म्हणाले, "येऊ द्या की. खाली वैनींचं घर हाय, परकं कुनी न्हाई." वैनी म्हणजे माझी आई. ती पुढे महिनाभर छताकडे बघत भाकऱ्या थापायची.

एवढ्या टाकीला दुकानातला फिल्टर पुरेना, म्हणून काकांनी स्वतःच तो बनवायला घेतला. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या एकावर एक, बुडाला तापल्या खिळ्याने पाडलेली भोकं, आत उशीतला फोम, नायलॉनच्या घासण्या आणि बांधकामावरून मागून आणलेली खडी. जुन्या कूलरची मोटर टाकीतलं पाणी वर चढवायची आणि ते या सगळ्यातून झिरपत पुन्हा टाकीत पडायचं. त्या दिवसांत शेजारणी भांडी घासून झाली की घासणी कपाटात ठेवायच्या. एकदा काका आमच्याकडे जेवायला आले आणि पुरणाच्या चाळणीकडे इतक्या मायेने बघत राहिले, की आईने त्यांचे हात धुऊन होईपर्यंत ती ट्रंकेत टाकली. फिल्टर पहिल्यांदा सुरू झाला तो आमच्या देव्हाऱ्यावर गळला. काका धावत खाली आले, विझलेल्या समईकडे पाहून म्हणाले, "वैनी, गळतंय हे चांगलं हाय. म्हंजी मोटर चालती!" वाशीच्या एका डॉक्टरांकडे दात काढायला गेले, तर तोंडात कापसाचा बोळा असतानाच त्यांना तिथल्या टाकीतलं गढूळ पाणी दिसलं. पुढच्या रविवारी कुणी बोलावलेलं नसताना तसाच दुसरा फिल्टर घेऊन ते दवाखान्यात हजर.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा मार्केटात ओझी उचलतात, आई चौथीपर्यंत शिकलेली. एका पितृपक्षात काका वडिलांच्या म्हाळासाठी गावी निघाले तेव्हा किल्ली आणि माशांचं खाणं माझ्या हातात देत म्हणाले, "चिमूटभर टाकत जा. बाकी तू शिकल्याली हाईस, तुला काय सांगायचं?" त्या वाक्याने मी फुगले. इकडे आईने नवरात्राआधीची धुणी काढली होती. घट बसायच्या आत आमच्याकडे वाकळांपासून डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळं धुतलं जातं. मला वाटलं, काकांच्या घरी बाईमाणूस नाही, त्यांचंही करावं. वर जाऊन बादली उघडली तर आत तपकिरी, बुळबुळीत राप. मलाच लाज वाटली. फोम, घासण्या, खडी, सगळं मी सोड्याच्या गरम पाण्यात तीनदा धुतलं, गच्चीवर दिवसभर वाळवलं आणि होतं तसं बसवलं. आठवड्यापूर्वीच जिवाणूंवरच्या धड्यात मी लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. पण पुस्तकातले जिवाणू रंगाच्या बादलीत राहत असतील हे मला सुचलंच नाही.

दोन दिवसांनी पाणी दुधासारखं झालं आणि सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. त्याच दुपारी काका आले. मी रडतच सांगितलं, "काका, मी सगळं धुतलं." ते माझ्याकडे नाही, माशांकडे बघत होते.

"कशानं?"

"सोड्याने."

"आनि वाळवलंस?"

"उन्हात."

काका खालीच बसले. "आगं माझे बाये, ती जित्ती घान हुती. तीच पानी साफ करती. दीड महिना लागला मला ती मुरवायला."

मग उठून त्यांनी टाकीतलं निम्मं पाणी काढून पिंपातलं साठवणीचं पाणी भरलं, दोन पिशव्या घेतल्या आणि मला म्हणाले, "चल वाशीला."

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "अपॉइंटमेंट आहे?"

"न्हाई. घान पायजे."

"काय?"

"तुमच्या फिल्टरातली. निम्मी द्या."

गाल सुजलेल्या एका पेशंटला हसू आलं आणि लगेच कळही आली. आतून डॉक्टर ओरडले, "सगळी न्या हो!"

"सगळी नगं, तुमचं मासं मरतील," काका गंभीरपणे म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ओला फोम आमच्या मांडीवर ठिबकत होता. कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "काय आहे ओ हे?" काका म्हणाले, "औशिद."

घरी येताच काकांनी तो फोम आपल्या बादलीत बसवला, आणि दोन दिवस मी जिन्यातून वरखाली करत राहिले. तिसऱ्या सकाळी जिन्यातून हाक आली, "पोरी, गेलं गं खाली!" मी धावत वर गेले. पाणी निवळलं होतं आणि मासे तळाशी खडे हुंगत फिरत होते. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. इतका मोकळा श्वास मी बारावीच्या निकालालाही घेतला नव्हता. सोसायटीत कुणी विचारलं तर काका सांगायचे, "मोटर बिघडली हुती." माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा कारखाना बंद झाला. मासे डॉक्टरांकडे गेले, आणि रिकामी टाकी गावी न्यायला टेम्पो यायचा होता. मी विचारलं, "काका, काच घासून देऊ?"

ते हसले. "घास की. आता कितीबी घास."

मी पाणी घेतलं, फडकं घेतलं. पण हात नेहमीसारखा चालेना. मागच्या कोपऱ्यात बोटभर शेवाळ होतं, ते मी तसंच राहू दिलं.