फकीरचाचांची मान

दौंडच्या मुजीबने मिक्स केलेलं गाणं लागलं की शेजारच्या घरातली भांडी नाचायची, आणि याचा त्याला भारी अभिमान. का नसावा? गडी वाढलाच कर्ण्यांच्या ढिगात. वडील फकीरचाचा लग्नाला, उरुसाला, निवडणुकीला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. आवाज वेशीपर्यंत गेलाच पाहिजे, हा त्यांचा बाणा. मुजीबने मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ थाटला, हळदीची अन् बैलगाडा शर्यतींची गाणी करू लागला, तरी बाणा तोच राहिला.

एक रीत त्याने कधी मोडली नाही. गाणं तयार झालं की दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या अब्बांना ऐकवायचं. त्यांनी मान हलवली की गाणं पास. नाही हलवली तर मुजीब लिमिटर आणखी दाबायचा. लिमिटर आवाजाची उंच टोकं दाबून टाकतो, मग बाकीचं सगळं रेटून मोठं करता येतं. हल्ली अब्बांची मान हलायला फार वेळ लागे. लोक म्हणत, म्हातारा जाणकार आहे, सहजी खूश होत नाही. मुजीब घाम पुसत दाबत राही.

तशात न्हावऱ्याच्या साखरबाईचं गाणं त्याच्याकडे आलं. साखरबाई धार काढताना स्वतः जुळवलेली गाणी गुणगुणायची. तिची सून नीलम रांजणगावला कंपनीत कामाला. गावच्या यात्रेची सुरुवात आपल्या सासूच्या गाण्याने व्हावी, असं तिने मनात घेतलं आणि यात्रा कमिटीच्या बापूसाहेबांच्या मागे लागून लागून होकार मिळवला.

‘‘पर गानं पुन्यात पक्कं करून आना,’’ बापूसाहेब म्हणाले. ‘‘मागल्या साली नुसती खरखर. पाव्हण्यांम्होरं लाज गेली.’’

पक्कं करणं म्हणजे मास्टरिंग. ढोलकी किती, गळा किती, हे मुजीबने मिक्समध्ये ठरवायचं. त्यानंतर दुसऱ्या कुणीतरी ताज्या कानांनी ऐकून शेवटचा हात फिरवायचा, म्हणजे गाणं मोबाइलवर, गाडीत, कर्ण्यावर सगळीकडे नीट वाजतं. पुण्यात हे काम राजनंदिनी करायची. तिने मुजीबची फाइल ऐकली आणि परत पाठवली.

‘‘मुजीबभाई, तुम्ही आधीच इतकं दाबलंय की मला हात फिरवायला जागाच नाही. लिमिटर काढा. वर थोडी मोकळी जागा ठेवा. आणि सुरुवातीची शांतता कापू नका.’’

मुजीबला हे पटेना. लहान आवाजाचं गाणं पाठवायचं म्हणजे पाहुण्याला अर्धा कप चहा दिल्यासारखं! त्याने शक्कल लढवली. लिमिटर तसाच ठेवला, आवाजाची शेवटची पट्टी खाली ओढली आणि तेच गाणं हळू करून धाडून दिलं.

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा ती हसत होती. ‘‘चेपलेला डबा लांबून दाखवला म्हणून गोल होतो का हो?’’ मग मात्र तिने स्पष्ट सांगितलं, ‘‘आज संध्याकाळपर्यंत नीट फाइल आली तर करते. उद्यापासून मोठं काम सुरू होतंय, यात्रेआधी मला वेळ नाही.’’

दुपारी नीलम सासूला स्कूटीवर घेऊन हजर झाली. मुजीबने सवयीने आधी दाबलेलंच गाणं वाजवलं. साखरबाईने कानावर पदर ओढला.

‘‘बया! ही कोन वरडतीया? म्या म्हशीवरबी कवा आवाज चढवला न्हाई!’’

मुजीबने लिमिटर काढला. झाकण निघताच आतला पसारा दिसला. ढोलकी बाईच्या उरावर बसली होती, पेटीने तिचे अर्धे शब्द खाल्ले होते. त्याने ढोलकी मागे सारली, पेटी आवरली, गळ्याला वाट करून दिली. ओळीच्या आधी साखरबाई श्वास घ्यायची, तोही राहू दिला. हळूहळू खोलीत गोठ्याची निवांत सकाळ उतरली.

‘‘आत्ता व्हय,’’ साखरबाई म्हणाली.

आता राहिली अब्बांची मान. मुजीबने गाणं पहिल्यापासून लावलं. फकीरचाचा ढिम्म. पुन्हा लावलं. ढिम्मच. संध्याकाळ तर तोंडावर आलेली, नीलम एकदा त्याच्याकडे अन् एकदा मोबाइलकडे बघत होती. अब्बांची मान हलल्याशिवाय या खोलीतून एकही गाणं बाहेर पडलं नव्हतं. त्याचा हात आपसूक लिमिटरकडे गेला.

‘‘नगं दाबू,’’ फकीरचाचा म्हणाले. ‘‘मुजीब, मला काय बी ऐकू येत न्हाई.’’

‘‘आवाज कमी हाय म्हणून, अब्बा. थोडा...’’

‘‘न्हाई रं,’’ त्याच्या ओठांकडे बघत ते म्हणाले. ‘‘लई दिस झालं. जल्म कर्ण्याखाली गेला, कान ऱ्हात्यात व्हय?’’

‘‘मग मान कशी हलवायचा तुम्ही?’’

‘‘तू घामाघूम झालास की हलवायचो. म्हटलं, सुटू दे पोरगं.’’

नीलमला हसू आवरेना. मुजीबही हसला. इतक्या वराती, इतक्या हळदी, सगळ्यांच्या कानठळ्या बसवल्या त्या एवढ्यासाठी!

‘‘सांगितलं का न्हाई अब्बा?’’

‘‘सांगितलं आसतं तर तू मला इचारायचं सोडलं आसतंस.’’

म्हाताऱ्याला वाटणारी भीती खोटी नव्हती, हे मुजीबलाही ठाऊक होतं. त्याने वडिलांचा हात धरून त्यांना कॉम्प्युटरपाशी आणलं, शेजारी बसवलं आणि त्यांच्यादेखत फाइल पुण्याला पाठवली. राजनंदिनीचं उत्तर आलं, ‘‘वा! आता मजा येईल काम करायला.’’

यात्रेच्या दिवशी न्हावऱ्यात साखरबाईचं गाणं लागलं. बापूसाहेब कर्ण्याकडे बघत ‘‘वाढवा जरा’’ अशी खूण करू लागले. मुजीबने मान हलवून नाही म्हटलं. त्याने अब्बांकडे पाहिलं. ते कर्ण्याकडे बघतच नव्हते, समोर बसलेल्या माणसांकडे बघत होते.

‘‘कसं झालंय, अब्बा?’’ त्याने त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

‘‘झ्याक,’’ फकीरचाचा म्हणाले. ‘‘बघ की, बायका बोलायच्या थांबल्यात.’’